मौद्रिक अर्थशास्त्र आणि डिजिटल वित्त : दोन पेपर की एकच ताळेबंद?

नोंदवही (धागाकर्ती)

आमच्या विद्यापीठात पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाची फेररचना सुरू आहे आणि मौद्रिक अर्थशास्त्राच्या पेपरचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्याच सत्रात ‘डिजिटल वित्त’ नावाचा एक ऐच्छिक पेपरही सुचवलेला आहे. पहिल्यात फिशरचे समीकरण, केन्सची रोखता-पसंती, पैशाच्या पुरवठ्याची मापने, पतगुणक (रिझर्व्ह बँकेच्या पैशावर बँका एकूण किती पट पैसा उभा करतात, ते गुणोत्तर) आणि पतधोरणाची साधने आहेत. दुसऱ्यात यूपीआय, वॉलेट, आभासी चलन, ई-रुपया, डिजिटल कर्जे आणि या प्रत्येकाचे ‘फायदे व तोटे’ आहेत. पहिला पेपर शिकलेला विद्यार्थी मौद्रिक व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या 1985 च्या चक्रवर्ती समितीपाशी येऊन थांबेल आणि दुसरा शिकलेला ॲपची माहितीपत्रके पाठ करून बाहेर पडेल, अशी मला धास्ती वाटते. चहाचे पैसे फोनवरून देताना अर्थव्यवस्थेतील पैसा वाढला, घटला की तेवढाच राहिला, हे सांगणे दोघांनाही जड जाईल.

माझा प्रस्ताव असा आहे की, दोन्ही पेपरांचा गाभा एकच ठेवावा आणि तो एका प्रश्नावर उभा करावा : हा पैसा कोणाचे देणे आहे? खिशातील पाचशेची नोट हे रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. बचत खात्यातील शिल्लक हे त्या व्यापारी बँकेचे देणे आहे. बिगरबँक कंपनीच्या वॉलेटमधील शिल्लक हे त्या कंपनीचे देणे असून त्यामागची रक्कम तिला व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात (ठरावीक कामासाठीच वापरता येणाऱ्या वेगळ्या खात्यात) ठेवावी लागते. ई-रुपया हे पुन्हा रिझर्व्ह बँकेचेच देणे आहे, कारण 2022 च्या वित्त कायद्याद्वारे रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाचाही समावेश झाला. बिटकॉइन हे कोणाचेच देणे नाही. यूपीआयला या यादीत जागाच नाही. ती एका बँकेतील ठेव दुसऱ्या खात्यात हलवण्यासाठी दिलेला निरोप आहे, स्वतः पैसा नाही. हा फरक पहिल्या आठवड्यात पक्का झाला नाही, तर पुढे ‘यूपीआयमुळे पैशाचा पुरवठा वाढतो’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत येत राहतात आणि तपासणारेही त्यांना अर्धा गुण देऊन मोकळे होतात.

वर्गात मी हे कसे करते ते सविस्तर लिहिते, कारण चर्चा त्यावरच व्हावी अशी इच्छा आहे. एका विद्यार्थिनीचे खाते स्टेट बँकेत आहे आणि फाटकाबाहेरच्या चहावाल्याचे बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये. तिने त्याला यूपीआयने 20 रुपये दिले. फळ्यावर तीन ताळेबंद काढायचे : दोन बँकांचे आणि रिझर्व्ह बँकेचा. स्टेट बँकेच्या देण्यांत विद्यार्थिनीची ठेव 20 ने कमी होते आणि येण्यांत रिझर्व्ह बँकेकडील शिल्लक 20 ने कमी होते. बँक ऑफ महाराष्ट्रच्या ताळेबंदात या दोन्ही नोंदी वाढीच्या होतात. रिझर्व्ह बँकेच्या देण्यांची बेरीज बदलत नाही, फक्त 20 रुपये एका बँकेच्या नावावरून दुसरीच्या नावावर जातात. एम-थ्री (लोकांकडील रोख आणि बँकांतील ठेवी मिळून होणारा पैसा) तेवढाच राहतो, राखीव पैसाही (चलनातील रोख आणि बँकांची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक) तेवढाच. दोघांची खाती एकाच बँकेत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या वहीला हातच लागत नाही. त्यानंतर तेच 20 रुपये वॉलेटमध्ये भरायचे, ई-रुपयात बदलायचे, आणि प्रत्येक वेळी नोंदी पुन्हा लिहायच्या. ई-रुपयाची पाळी आली की वर्गाला जाणवते, ठेव बँकेच्या ताळेबंदातून बाहेर पडली आणि तिच्याबरोबर बँकेची रिझर्व्ह बँकेतील शिल्लकही गेली. लोकांनी आपल्या ठेवी मोठ्या प्रमाणावर अशा हलवल्या तर बँका कर्जे कशाच्या बळावर देणार, हा प्रश्न मग मला विचारावा लागत नाही. किरकोळ ई-रुपयावर व्याज का ठेवले नाही, याचे उत्तरही त्याच फळ्यावर सापडते.

दुसरा भाग आकडेवारीचा. नोटबंदीच्या आधी, 4 नोव्हेंबर 2016 रोजी, चलनात सुमारे 17.97 लाख कोटी रुपये होते. मार्च 2024 मध्ये ही रक्कम सुमारे 35 लाख कोटी झाली होती. याच काळात यूपीआय शून्यातून उभी राहिली आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिने एका महिन्यात प्रथमच 1,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. डिजिटल व्यवहार वाढले की रोख घटेल, ही अपेक्षा घेऊन वर्गात आलेला विद्यार्थी हे दोन आलेख एकाखाली एक पाहून गोंधळतो, आणि तो गोंधळ मला हवा असतो. चलनाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण 2020-21 मध्ये 14 टक्क्यांच्या वर गेले आणि नंतर उतरले, हे त्याने स्वतः रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील आकडे घेऊन काढावे. मार्च 2024 मध्ये चलनातील नोटांच्या मूल्यात एकट्या पाचशेच्या नोटेचा वाटा 86.5 टक्के होता, हेही पाहावे. व्यवहारासाठी लागणारी रोख आणि गाठीशी बांधून ठेवण्याची रोख, हा केन्सचा भेद तेव्हा पुस्तकातील परिच्छेद राहत नाही.

जाणकारांकडून मला दोन बाबींवर मत हवे आहे. पतगुणक शिकवावा की वगळावा? आणि तीन-चार क्रेडिटच्या मर्यादेत डिजिटल वित्तातील कोणते विषय खरोखर अर्थशास्त्राचे आहेत, कोणते वाणिज्य किंवा संगणकशास्त्राकडे सोपवावेत?

थेम्सकाठ

मी ब्रिटनमधील एका विद्यापीठात हाच विषय शिकवतो. पतगुणकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : वगळावा. ठेवी आधी येतात, त्यांतून राखीव हिस्सा बाजूला काढला जातो आणि उरलेल्यातून कर्ज दिले जाते, ही साखळी विद्यार्थ्याच्या डोक्यात एकदा बसली की निघत नाही. बँक कर्ज देते त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात ठेव निर्माण होते, हे बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या तिमाही पत्रिकेत कोणतीही संदिग्धता न ठेवता मांडले आहे. इथे राखीव निधीचे सक्तीचे प्रमाण नाही आणि अमेरिकेतही मार्च 2020 पासून ते शून्य आहे. तरीही गुणकाने पतपुरवठा ठरतो असे शिकवत राहणे म्हणजे विद्यार्थ्याला परीक्षेनंतर विसरण्यासाठीच काहीतरी शिकवणे आहे.

आपल्या ताळेबंदाच्या पद्धतीशी मी सहमत आहे, मात्र पहिली नोंद चहाच्या पैशांची नसावी, कर्जाची असावी. पैसा हलतो कसा, याआधी तो जन्मतो कसा, हे यायला हवे.

निवृत्त शाखाधिकारी

सार्वजनिक बँकेत कर्ज विभाग आणि नंतर कोषागार विभाग, दोन्ही ठिकाणी काम केले असल्याने थेम्सकाठ यांच्या म्हणण्याला अनुभवाचा दुजोरा देतो. कर्ज मंजूर करताना शाखेत कोणीही ‘रिझर्व्ह बँकेत आपली शिल्लक किती’ असे विचारत नाही. कर्जदाराची पत, तारण आणि दर पाहिला जातो. शिल्लक जुळवणे हे कोषागाराचे काम, आणि ते नंतरचे. भारतात रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो तो) मोजण्याची रीतच हे सांगते : एका पंधरवड्यात जी सरासरी शिल्लक ठेवायची, ती दोन पंधरवडे आधीच्या देण्यांवरून काढली जाते आणि रोजची किमान मर्यादा 90 टक्के असते. म्हणजे कर्ज देऊन झालेले असते, ठेव निर्माण झालेली असते, आणि तिचा राखीव हिस्सा मागाहून शोधला जातो. कमी पडला तर कॉल बाजार (बँकांनी एकमेकींना अल्पमुदतीने उसने देण्याचा बाजार) आहे, रेपो (रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेतलेले कर्ज) आहे, त्याहून अडचण आली तर सीमांत स्थायी सुविधा (तसेच कर्ज, पण जास्त दराने) आहे. अडते ते दराशी : निधी मिळतोच, पण कोणत्या भावाने, हा प्रश्न असतो.

म्हणून माझी सूचना अशी की पतधोरण शिकवताना राखीव प्रमाणावर एक तास आणि व्याजदराच्या पट्ट्यावर (रिझर्व्ह बँकेच्या वरच्या व खालच्या दरांमधील अंतरावर) तीन तास द्यावेत. एप्रिल 2022 मध्ये स्थायी ठेव सुविधा (बँकांनी जादा पैसा रिझर्व्ह बँकेत तारणाविना ठेवण्याची सोय) आली आणि ती पट्ट्याची तळरेषा झाली, हे अजून बऱ्याच पुस्तकांत नाही. विद्यार्थी अजूनही रिव्हर्स रेपोलाच (तारण घेऊन पैसा ठेवण्याच्या जुन्या सोयीलाच) तळ समजतात आणि बँकेच्या मुलाखतीत तिथेच अडखळतात.

नोंदवही

दोघांचेही आभार. कर्जाची नोंद आधी घ्यावी, ही सूचना मला पूर्ण पटली आणि मसुद्यात तसा क्रम बदलते आहे.

गुणक मात्र मी काढणार नाही. ब्रिटनमध्ये तो अडगळीत टाकता येतो, कारण तिथे राखीव प्रमाण हे साधनच वापरात नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये ते चार टप्प्यांत 4 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणले, आणि आणीबाणीच्या वेळी तर ते हत्यार म्हणून उपसले आहे. नोटबंदीनंतर ठेवींचा पूर आला तेव्हा 26 नोव्हेंबर 2016 रोजी, 16 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर 100 टक्के वाढीव राखीव प्रमाण लावले गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला बाजार स्थिरीकरण योजनेची (रोखे विकून बँकांकडील जादा पैसा शोषण्याच्या योजनेची) मर्यादा 6 लाख कोटींपर्यंत नेल्यावर ते मागे घेतले. दोन हजारांची नोट मे 2023 मध्ये मागे घेतल्यावर ठेवी पुन्हा फुगल्या आणि ऑगस्टमध्ये 10 टक्के वाढीव प्रमाण आले, ते ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने सोडले गेले. भारतात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रसंग समजायचे असतील, तर राखीव पैसा आणि एम-थ्री यांचे गुणोत्तर माहीत असावेच लागते.

शिवाय गुणकाचा फोलपणा दाखवायला नोटबंदीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. जानेवारी 2017 च्या सुरुवातीला चलनातील रोख सुमारे 9 लाख कोटींवर उतरली होती, म्हणजे राखीव पैसा झपाट्याने आटला होता. पण नोटा ठेवींत बदलल्यामुळे एम-थ्री त्या मानाने फारसा हलला नाही. गुणोत्तर एकदम वर उडाले, आणि त्याच तिमाहीत बँकांची कर्जवाढ मंदावलेली होती. गुणक वाढला आणि पत आखडली, असे चित्र विद्यार्थ्याने स्वतः आकड्यांतून काढले की गुणक हे कारण नसून केवळ भागाकार आहे, हे सांगायला शिक्षकाची गरज उरत नाही. म्हणून तो शिकवायचा, पण त्याच्यावर विसंबायचे नाही.

तासिकावाला

चर्चा उत्तम चालली आहे, पण ती विद्यापीठाच्या आवारातील आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी एका संलग्न महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि खालून दिसणारे चित्र मांडू इच्छितो.

डिजिटल वित्ताचा पेपर कोणत्या विभागाचा, हा प्रश्न आमच्याकडे ज्ञानशाखेचा नसून कार्यभाराचा आहे. पेपर ज्या विभागाकडे जाईल त्याचे तास वाढतात, तासांवर पदे टिकतात. त्यामुळे अर्थशास्त्र, वाणिज्य आणि नव्याने सुरू झालेला व्यवस्थापन विभाग तिघेही एकाच विषयासाठी अभ्यास मंडळापर्यंत धावतात, आणि तडजोड म्हणून प्रत्येकाला आपापला पेपर मिळतो. परिणामी एकच विद्यार्थी तीन वर्षांत यूपीआयचे फायदे व तोटे तीनदा लिहितो. नव्या शैक्षणिक धोरणातील कौशल्याच्या पेपरांनी यात भरच घातली आहे.

दुसरे असे की, परीक्षा बदलली नाही तर वरचे सगळे व्यर्थ आहे. ‘रिझर्व्ह बँकेची कार्ये स्पष्ट करा’ असा पंधरा गुणांचा प्रश्न येणार हे ठाऊक असताना विद्यार्थी तीन ताळेबंद कशाला काढील? तो चौकातील दुकानातून गाइड घेतो आणि पास होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. आमच्या मुलांना नोंदींचे अजिबात वावडे नाही. ज्यांच्या घरी किराणा दुकान, दूध संकलन किंवा पतसंस्थेचे कर्ज आहे, त्यांना येणे-देणे लहानपणापासून माहीत असते. रोखता-पसंतीचा वक्र काढताना माना खाली घालणारी मुले ‘ठेव हे बँकेचे देणे’ यावर तावातावाने वाद घालतात, कारण बुडालेल्या पतसंस्थेत घरातल्या कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात. पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण तिच्या ठेवींना नसते, आणि बँकेच्या ठेवीला मात्र फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत असते, हे त्यांना कोणत्याच पेपरात शिकवले जात नाही. नोंदवही मॅडमच्या ‘कोणाचे देणे’ या यादीत पतसंस्थेची ठेव यायलाच हवी. महाराष्ट्रात शिकवायचे आणि पतसंस्था वगळायची, हे पटत नाही.

स्विच

मी देयक प्रणालींच्या क्षेत्रात तांत्रिक काम करतो. अर्थशास्त्राचा पदवीधर नाही, पण एका मुद्द्यावर भर घालू शकतो. यूपीआय हा निरोप आहे हे खरे, परंतु निरोप पोचणे आणि पैसा प्रत्यक्ष चुकता होणे या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि शिकवताना नेमके हेच गाळले जाते. चहावाल्याच्या खात्यात 20 रुपये काही सेकंदांत दिसतात. बँकांमधील हिशेब मात्र त्या क्षणी चुकता होत नाही. राष्ट्रीय देयक महामंडळ दिवसातून अनेक फेऱ्यांत सर्व बँकांची परस्पर देणी-घेणी वजा करून निव्वळ रक्कम काढते आणि तेवढीच रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस यंत्रणेतून फिरते. मधल्या काळात बँक ऑफ महाराष्ट्रने स्टेट बँकेला, अगदी थोड्या वेळासाठी का होईना, उधार दिलेले असते. आरटीजीएसमध्ये थेट पाठवलेल्या रकमेचे तसे नाही, तिथे एकेक व्यवहार पूर्ण रकमेने तिथल्या तिथे चुकता होतो. निव्वळ आणि सकल चुकवणुकीतला हा फरक म्हणजे पतजोखीम आणि रोखता यांच्यातला सौदाच आहे, आणि तो निश्चितच अर्थशास्त्राचा विषय आहे.

थरांचे महत्त्व समजावण्यासाठी 5 मार्च 2020 ची रात्र सांगावी. येस बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना 50 हजारांची मर्यादा लागली, आणि त्याबरोबर फोनपे बंद पडले. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे खाते येस बँकेत नव्हते, त्यांच्या ठेवी आपापल्या बँकांत सुरक्षित होत्या. पण फोनपे यूपीआयशी येस बँकेमार्फत जोडलेले होते, त्यामुळे निरोपाचा रस्ताच तुटला. येस बँकेच्या ठेवीदाराचा पैसा अडकला, फोनपे वापरणाऱ्याचा फक्त निरोप अडकला. याच घटनेवर ‘कोणाचे देणे’ हा प्रश्न लावून पाहा, एक पूर्ण तास निघेल.

एमए भाग दोन

विद्यार्थी म्हणून लिहितो आहे, क्षमस्व. आम्हाला आभासी चलनाविषयी फार थोडे शिकवले जाते आणि जे शिकवले जाते ते इशाऱ्याच्या सुरात असते. आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास बँकांना मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2018 चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केले आणि 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आला, एवढे आम्हाला वर्तमानपत्रांतून कळते. ब्लॉकचेनवर एखादे सत्र, शक्य झाल्यास पायथनसह, असावे असे वाटते. वर्गातील अनेकांना फिनटेक कंपन्यांत नोकरी करायची आहे.

नोंदवही

क्षमा मागण्याचे कारण नाही, हा पेपर आपल्यासाठीच आहे.

पायथन आकडेवारीच्या भागात राहील. ब्लॉकचेनची तांत्रिक रचना मी संगणकशास्त्राकडे सोडेन. आभासी चलनातून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे स्थिर-नाणी (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेली आभासी चलने), आणि त्यांतही मे 2022 मध्ये कोसळलेले टेरा. एका डॉलरशी बांधलेले नाणे, त्यामागे डॉलर नाहीत, केवळ दुसऱ्या नाण्याचे आश्वासन आहे. विश्वास ढळताच दोन्ही नाणी काही दिवसांत मातीमोल झाली. जुन्या काळी घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला बँकेत एकदम गर्दी करत, त्यापेक्षा हे वेगळे नाही. अशी गर्दी का होते हे सांगणारे डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांचे 1983 चे प्रतिमान, ज्यासाठी त्यांना 2022 मध्ये नोबेल मिळाले, ते याच ठिकाणी शिकवावे असा माझा विचार आहे. त्याला जोडूनच अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक घ्यावी. 9 मार्च 2023 या एका दिवसात ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढण्याचे आदेश दिले, शाखेबाहेर रांग लागण्याची वाटही पाहिली नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये इंटरनेट व मोबाइल बँकिंगची सोय असलेल्या किरकोळ ठेवींसाठी बँकांना 2.5 टक्के जादा पळदर (संकटात ठेवींचा किती हिस्सा निघून जाईल याचा अंदाज) धरायला सांगितला, तो याच अनुभवातून. ठेव काढणे सोपे झाले की ठेवीचा स्वभावच बदलतो. डिजिटल वित्ताने मौद्रिक अर्थशास्त्रात खरोखर नवे असे काय आणले, याचे माझ्या मते हे सर्वांत ठोस उत्तर आहे.

नोकरीच्या दृष्टीने विचाराल, तर डिजिटल कर्जांवरील एक प्रात्यक्षिक मी ठेवलेच आहे. ॲप सांगते : 10,000 रुपये, व्याज ‘फक्त 5 टक्के’, तीन मासिक हप्ते 3,500 रुपयांचे. करासह 590 रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापून हाती 9,410 येतात. यावरून परताव्याचा अंतर्गत दर काढला तर तो महिन्याला सुमारे 5.7 टक्के, म्हणजे वर्षाला 68 टक्क्यांच्या आसपास निघतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी वार्षिक एकूण दर मुख्य तथ्य विवरणात दाखवणे बंधनकारक का केले, हे त्या गणितानंतर वेगळे सांगावे लागत नाही. फिनटेकमध्ये नोकरी करा, पण हे गणित करता येत असताना करा.

दामले चौक

आपल्या सर्वांच्या आराखड्यात इतिहासाला जागा दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. रुपया कशाशी बांधावा आणि कोणासाठी स्थिर ठेवावा, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ 1923 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, पुढे त्यांनी भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आणि त्याच आयोगाने 1926 मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीला (देशात सोन्याची नाणी न वापरता रुपयाचा दर परकीय चलनामार्फत सोन्याशी बांधण्याला) त्यांचा आक्षेप असा होता की तीत रुपयाच्या निर्मितीवर पुरेसा लगाम नाही आणि विनिमय दर सांभाळताना देशातील किमतींच्या स्थैर्याकडे दुर्लक्ष होते. 2016 पासून आपल्याकडे कायद्यानेच 4 टक्के महागाईचे लक्ष्य, दोन टक्के वर-खाली, आणि सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. रिझर्व्ह बँकेने विनिमय दराकडे पाहावे की किमतींकडे, हा वाद विद्यार्थ्यांनी आजच्या वर्तमानपत्रांतून वाचण्याआधी तिथून वाचावा.

थेम्सकाठ

दामले चौक यांना अनुमोदन, फक्त एक सावधगिरी सुचवतो. आंबेडकरांची शिफारस सुवर्णाधिष्ठित, सोन्यात न बदलता येणाऱ्या आणि मर्यादित निर्गमाच्या चलनाची होती. तिला आजच्या महागाई-लक्ष्याची पूर्वसूचना म्हणणे ओढाताण ठरेल. तरीही चलन निर्माण करणाऱ्याच्या स्वेच्छेला नियमाने बांधावे, ही त्यांची भूमिका नियम विरुद्ध विवेकाधिकार या प्रकरणात अगदी नेमकी बसते. माझ्या वर्गात मी ती वापरून पाहीन. इथल्या विद्यार्थ्यांना केन्सला भारतातून झालेला विरोध ठाऊकच नसतो.

नोंदवही

तासिकावाला यांनी परीक्षेचा मुद्दा काढला होता. अभ्यास मंडळापुढे ठेवण्यासाठी नमुना प्रश्नपत्रिका केली आहे, तीतील एक प्रश्न इथे देते. कार्ये आणि फायदे-तोटे विचारणारा एकही प्रश्न तीत नाही.

‘प्र. 3. क या बँकेने एका उद्योजिकेला 1,00,000 रुपयांचे कर्ज मंजूर करून ती रक्कम तिच्या खात्यात जमा केली. तिने त्यातील 60,000 रुपये ख या बँकेत खाते असलेल्या पुरवठादाराला आरटीजीएसने न पाठवता यूपीआयने पाठवले, 10,000 रुपये एटीएममधून रोख काढले, 5,000 रुपयांचा ई-रुपया घेतला आणि 5,000 रुपये पतसंस्थेत ठेवले. प्रत्येक टप्प्यानंतर क, ख आणि रिझर्व्ह बँक यांच्या ताळेबंदांतील बदल लिहा आणि राखीव पैसा व एम-थ्री यांवरील परिणाम सांगा. (20 गुण)’

निवृत्त शाखाधिकारी

प्रश्न चांगला आहे, पण छापण्यापूर्वी तीन दुरुस्त्या कराव्यात.

यूपीआयची सर्वसाधारण दैनिक मर्यादा व्यक्तीकडून व्यक्तीला 1 लाख आहे, त्यामुळे 60,000 बसतात. परंतु आरटीजीएसची किमान रक्कम 2 लाख आहे, म्हणून ‘आरटीजीएसने न पाठवता’ हे शब्द काढून टाकावेत, अन्यथा हुशार विद्यार्थी त्यातच गुंतेल.

एटीएम कोणाचे, हे स्पष्ट लिहावे. क बँकेचेच असेल तर रोख तिच्या तिजोरीतून जाते : चलनातील एकूण रोख तेवढीच राहते, बँकांकडील रोख घटून लोकांकडील वाढते, आणि रिझर्व्ह बँकेतील शिल्लक त्या क्षणी हलत नाही. ती हलेल ते क बँक चलनपेटीतून (रिझर्व्ह बँकेच्या वतीने बँकेत ठेवलेल्या नोटांच्या साठ्यातून) नव्या नोटा उचलेल तेव्हा. आपल्याकडे तिजोरीतील रोख राखीव प्रमाणात धरली जात नाही, त्यामुळे हा फरक गुणांसाठी महत्त्वाचा आहे. एटीएम ख बँकेचे असेल, तर ख ची रोख जाते आणि ती क कडून आंतरबँक चुकवणुकीत वसूल होते. तसा प्रश्न ठेवायचा असल्यास गुण 25 करावेत.

पतसंस्थेचे 5,000 रुपये तिने ज्या बँकेतील पतसंस्थेच्या खात्यात भरले, त्या बँकेचे नाव द्यावे. ते खाते क बँकेतच असेल तर ठेवीदाराचे नाव बदलण्यापलीकडे क च्या ताळेबंदात काहीच घडत नाही.